मेन पाडल्यावर

मालोजीनं ट्रेलरच्या ड्रायव्हरला केस धरून खाली ओढला, तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच रस्त्यावर उतरलं होतं. ड्रायव्हर परमुलखातला, बिचाऱ्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तो हात जोडत होता आणि मालोजी त्याच्या कानाखाली वाजवत होता. रागानं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मालोजीला राग फार क्वचित यायचा. सुतार रंधा मारतो तशी तो माणसं मारायचा, सवयीनं आणि नीट.

"हात कुणाचा लागला?" तो विचारत होता. "माल फाटकातनं आत गेला तवा हात कुणाचा लागला? बोल की रं!"

ड्रायव्हर काय बोलणार? त्याचा ओठ फाटला होता. शेवटी मालोजीनं त्याला रस्त्याकडेच्या खाचरात ढकलून दिलं. भात नुकतंच कापून झालं होतं, धसकटं टोकदार होती. ड्रायव्हर त्यांवर हातापायांवर पडला आणि तिथेच रडत बसून राहिला. टोळीतली पोरं हसली. मालोजी हसला नाही. त्यानं डोक्याला गुंडाळलेलं लाल फडकं सोडलं, तोंड पुसलं, परत आवळून बांधलं आणि ट्रेलरकडे बोट केलं.

"हवा सोडा ह्याची. समद्या चाकांची. आडवा घालून सोडा."

ट्रेलर रिकामाच होता, माल पहाटेच आत गेला होता. पोरांनी तो रस्त्यावर आडवा लावला आणि एकेका चाकाची हवा सोडली. फुस्स आवाज करत ट्रेलर बसला. आता त्याला क्रेनशिवाय कुणी हलवू शकलं नसतं.

या 'हात लागण्या'ची गोष्ट अशी. मालोजी जवानीत मोहोपाड्याच्या केमिकल कंपन्यांत पिंपं उचलायला जायचा. तिथं तो दोन गोष्टी शिकला. एक म्हणजे ओझं कंबरेनं उचलायचं नसतं, मांड्यांनी उचलायचं. दुसरी म्हणजे कंपनी कुणाला घाबरत नाही, फक्त काम थांबण्याला घाबरते. त्यानं गावची टोळी बांधली आणि कायदा केला: फाटकातून आत जाणारा, बाहेर येणारा प्रत्येक नग आमचीच माणसं उचलणार. पुढे क्रेन आल्या, फोर्कलिफ्ट आल्या, उचलायचं काम उरलं नाही. पण कायदा राहिला. टोळीतला एक जण पुढे व्हायचा, खोक्यावर तळहात टेकवायचा, आणि मगच मशीननं खोकं उचलायचं. माल मोठा असला तर हात खुद्द मालोजीचा. तेवढं झालं की टोळीची मजुरी लागू. खालापूरच्या त्या पट्ट्यात हात लावल्याशिवाय टाचणी हलत नव्हती, आणि जिथं हलली तिथं दात पडले होते.

मग डोंगराच्या पायथ्याला, खाचरांना लागून, डेटा सेंटर आलं. खिडक्या नसलेली लांबलचक करडी इमारत. आत गार हवा आणि कपाटांत रात्रंदिवस घोंघावणारी मशिनं. लोकांचे बँकेतले व्यवहार, दवाखान्यांचे रिपोर्ट, मोबाइलवरचे फोटो असं सगळं तिथं साठवलेलं असतं, हे मालोजीच्या पोरानं, स्वप्नीलनं, त्याला एकदा घसा कोरडा करून समजावलं होतं. मालोजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी गोदामच की." त्याच्या हिशेबी विषय तिथं संपला. गोदाम म्हटल्यावर माल आला, माल म्हटल्यावर हात आला.

वर्षं गेली आणि डेटा सेंटर म्हातारं झालं. पंखे कण्हायला लागले, थंडावा पुरेनासा झाला, आणि वीज गेली की इमारत तोलून धरणाऱ्या बॅटऱ्या अंगानं फुगल्या. कंपनीनं ठरवलं, जुनं सगळं काढायचं आणि नवं बसवायचं. कर्जतच्या सुरभी मॅडम तिथल्या मॅनेजर. काम सरळ पुण्याच्या एका टोळीला गेलं. माल त्यांचा, माणसं त्यांची, उचलायच्या गाड्यासुद्धा त्यांच्याच. बाहेरच्या कुणाचा हात लागला तर मालाची गॅरंटी जाते, असं त्यांनी लिहूनच दिलं होतं. सुरभी मॅडमनी हे मालोजीला चहा पाजून नीट सांगितलं. त्यानं चहा पिऊन कप पालथा घातला आणि निघून आला.

पण खरी जखम ती नव्हती. स्वप्नील त्याच कंपनीत नोकरीला होता, बॅटऱ्यांचं खातं त्याच्याकडे होतं, आणि पुण्याच्या टोळीला पहाटे फाटक उघडून देणारा तोच होता. टोळीत कुजबूज झाली. लडकूसारखा, मालोजीच्या शब्दावर विहिरीत उडी मारणारा माणूस तोंडावर म्हणाला, "शेट, आपलाच पोरगा आतनं कडी काढतो, तर भायेर आमी कुणाशी भांडायचं?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पोरांसमोर त्याची मान खाली गेली होती.

त्या सकाळी घरातून निघताना बायको दारात आडवी उभी राहिली. सुंदरा पोशीर गावची, बोलायला कमी. नवऱ्याच्या मारामाऱ्या तिनं आयुष्यभर धुतल्या होत्या, शर्टावरचं रक्त कुणाचं हे कधी विचारलं नव्हतं.

"तुमाला काय करायचं ते करा," ती म्हणाली. "पन स्वप्नीलच्या अंगाला हात नाय लावायचा."

"हात कशाला लावतोय? त्याला त्या खुराड्यातनं भायेर काढतो आन घरी घेऊन येतो. दुपारचं जेवान आमी दोघं संगंच करतो. रांधून ठेव."

तो हे मनापासून बोलला होता. त्याला त्या दिवशी कंपनी हवी होतीच, पण त्याहून जास्त पोरगा हवा होता. गावादेखत खांद्यावर हात टाकून फाटकाबाहेर आणायचा, म्हणजे झालं.

मालोजीची हल्ल्याची रीत ठरलेली होती. आधी रस्ता अडवायचा, आत-बाहेर एक गाडी जाऊ द्यायची नाही. मग कंपनीचा मेन स्विच पाडायचा. मेन पाडला की मशिनं मरतात, दिवे जातात, आतल्या साहेबांची पाचावर धारण बसते, आणि पोरांना शॉक लागायची भीती राहत नाही. त्यानंतर पहारी घेऊन आत. एखादी वस्तू सगळ्यांसमक्ष फोडायची, जास्त नाही, एकच. मोहोपाडा-रसायनीच्या कुठल्याही कंपनीत ही रीत त्याला फसली नव्हती.

फसली होती ती एकदाच, आणि वेगळ्या कारणानं. पोलिसांनी त्याला चौकीत बसवून पोरांना फोन करायला लावला होता. रस्ता सोडा, असं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. पोरांनी सोडला, आणि सगळं हातचं गेलं. तेव्हापासून त्यानं नियम केला, आणि त्या सकाळीही ट्रेलरपाशी उभं राहून तो सगळ्यांना ऐकवला.

"मी आत गेलो की माजा फोन मेला समजायचं. फोनवर कायबी बोललो तरी ऐकायचं नाय. समोर येऊन रडलो, शिव्या दिल्या, कुणाच्या थोबाडीत मारली, तरी रस्ता उघडायचा नाय. मी हे डोक्याचं फडकं सोडून हातानं हालवलं, तरच. काय रं लडकू?"

"फडकं दिसल्याबिगर कुत्रंबी जानार नाय, शेट," लडकू म्हणाला. त्याच्या मागं दगडांचा ढीग तयार होता.

मालोजी टोळीतल्या मंगळ्याला आणि आणखी दोघा-तिघांना घेऊन फाटकातून आत शिरला. फाटकावरचा सखा वॉचमन गावचाच, तो पाठ करून बिडी पेटवत बसला. मंगळ्यानं मागच्या बाजूला जाऊन जनरेटरची वायर कोयत्यानं तोडली, कारण मेन पडल्यावर जनरेटर लागतो एवढं त्यांना ठाऊक होतं. मालोजी पॅनेलच्या खोलीत गेला. तिथं बसलेल्या ऑपरेटरनं उठायचा प्रयत्न केला, त्याच्या पोटात पहारीचं बोथट टोक बसलं आणि तो दुमडून खाली बसला. मालोजीनं दोन्ही हातांनी मेनचा दांडा धरला आणि खाली खेचला.

दिवे गेले. थंड हवेचे पंखे हळूहळू आवाज उतरवत थांबले. मालोजी अंधारात उभा राहून नेहमीची शांतता ऐकायला लागला. ती आली नाही. भिंतीपलीकडे मशिनं घोंघावतच होती. छताला कुठे कुठे बारीक लाल दिवे लागले होते.

"शेट, ही मेली कशी नाय?" मंगळ्या म्हणाला.

"मरंल. चल म्होरं."

बोळातून सुरभी मॅडम धावत येत होत्या. "मालोजीशेट, मेन वर करा! सगळं बॅटऱ्यांवर चाललंय, तिकडं जाऊ नका!" त्यांनी त्याचा दंड धरला. मालोजीनं त्यांना झटकलं, नुसतं झटकलं असं त्याला वाटलं, पण त्यांचं डोकं भिंतीवर आपटून आवाज झाला आणि त्या भिंतीला धरून खाली सरकल्या. पुण्याच्या टोळीतली माणसं अवजारं टाकून मागच्या दारानं पळत होती. मंगळ्यानं त्यातल्या एकाला पाठीत लाथ घातली. तो तोंडावर पडला, उठला आणि लंगडत पळाला.

बॅटऱ्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. लाल उजेडात लोखंडी मांडण्यांवर ओळीनं जुन्या बॅटऱ्या बसल्या होत्या, काळ्या, फुगलेल्या, वायरींनी एकमेकींना बांधलेल्या. काढायचं काम सुरू झालं होतं म्हणून त्यांच्या डोक्यावरची झाकणं उतरवून जमिनीवर ठेवली होती. दारात स्वप्नील दोन्ही हात पसरून उभा होता. बाकी सगळे पळाले तरी तो पळाला नव्हता.

"आबा, पहार भायेर ठेवा," तो म्हणाला. "लोखंड आत आनू नका. पाया पडतो तुमच्या."

"मेन पाडलाय मी. भितोस कशाला?"

"मेन पाडल्यावरच तर ह्या कामाला लागतात, आबा! ह्यांना बंद करायचं बटान नसतं. झाकणं निघाल्यात. नुसती पहार आडवी पडली ना, तरी आपल्यापैकी कुणी उरनार नाय."

खरं सांगायचं तर पोरगा शब्द न् शब्द खरा बोलत होता. पण मालोजीनं आयुष्यभर कंपन्यांच्या साहेबांच्या तोंडून हेच ऐकलं होतं: इकडं येऊ नका, धोका आहे, स्फोट होईल. कधी काही झालं नव्हतं. आता तीच भाषा त्याच्या पोटचा पोरगा बोलत होता, आणि मागं मंगळ्या फिदीफिदी हसत म्हणाला, "शेट, घरातबी ह्योच मालक हाय काय?"

तेव्हा मालोजीला राग आला. क्वचित येणारा तो राग आला, आणि तळपायातून निघून थेट मस्तकात गेला. त्यानं स्वप्नीलच्या तोंडात मारली. सकाळी ड्रायव्हरला मारली तशी नाही. ही वेडीवाकडी बसली, पोराच्या नाकातून रक्ताची धार लागली. स्वप्नील चौकटीवर आदळला, सावरला आणि परत हात पसरून उभा राहिला. मालोजीनं परत मारली, या वेळी मुठीनं. स्वप्नील गुडघ्यावर आला. तरी त्यानं बापाचा पाय धरून ठेवला.

"आबा, नको."

"सोड! एकच फोडतो. एक फोडली की चल घरला. आयनं रांधलंय."

त्यानं पाय झटकून सोडवला, आत पाऊल टाकलं आणि पहार डोक्यावर उचलली. त्याला खरंच एकच बॅटरी फोडायची होती, पहिल्या ओळीतली कडेची. पहार खाली येताना स्वप्नीलनं मागून झेप घेतली आणि ती दोन्ही हातांनी मधेच धरली. बापलेकांची क्षणभर ओढाताण झाली. मालोजी ताकदीचा, पण घामानं त्याची पकड सुटली. पहार एकट्या स्वप्नीलच्या हातात राहिली, जड टोक खाली झुकलं आणि आडवं बॅटऱ्यांच्या उघड्या टोकांवर पडलं.

पांढराफेक उजेड झाला. मागाहून आवाज आला, किंवा दोन्ही एकदम आले असतील, मालोजीला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. कुणीतरी छातीवर लाथ घालावी तसा तो दारातून बाहेर बोळात फेकला गेला. कानात एकच लांब शिट्टी. डोळ्यांपुढे हिरवं-पांढरं सगळं. भुवया जळल्याचा वास त्याला आधी आला, मग दुसरा वास आला, आणि तो कसला हे कळल्यावर तो ओरडत रांगत आत गेला.

पहार अर्धी वितळून खाली पडली होती. दोन बॅटऱ्या फाटून त्यांतलं तेजाब उडालं होतं. स्वप्नील भिंतीशी पाठीवर पडला होता, शर्टाच्या बाह्या पेटलेल्या, तळहात वर. मालोजीनं डोक्याचं फडकं ओरबाडून काढलं आणि पोराच्या हातांवर दाबलं, विझवलं, गुंडाळलं, परत दाबलं. मंगळ्याला हाक मारली. मंगळ्या केव्हाच मागच्या दारानं डोंगराकडे पळाला होता. बाकीचेही.

आल्या त्या सुरभी मॅडम. कपाळावर टेंगूळ, चालताना तोल जात होता, पण हातात पाण्याचा मोठा कॅन. "डोळ्यांवर ओता," त्या ओरडल्या. "ॲसिड आहे! पापण्या उघडून धरा आणि ओता!" मालोजीनं ओतलं. पोरगा ओरडत होता, पाय झाडत होता, आणि बाप त्याच्या छातीवर गुडघा देऊन पाणी ओतत होता. त्यानं पुष्कळ माणसांना असं दाबून धरलं होतं. पण धरलेल्या माणसाचं काळीज आपल्या गुडघ्याखाली एवढं उडतं, हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

दोघांनी मिळून त्याला मॅडमच्या गाडीत मागच्या सीटवर घातलं. मालोजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. फाटकाबाहेर पडताच त्यानं लडकूला फोन लावला.

"लडकू, रस्ता खोल. ट्रेलर हालव. स्वप्नील जळलाय, पनवेलला न्यायचाय."

"हां शेट, कळलं," लडकू आनंदानं म्हणाला. "पोलीस बाजूलाच बसलेत का? तुमी काळजी करू नका." आणि फोन कट झाला.

त्यानं परत लावला, परत लावला. नियम मालोजीचाच होता, तेव्हा कोण उचलणार? वळण घेतलं आणि समोर ट्रेलर दिसला, त्याच्या अलीकडे पेटवलेले टायर, धूर, आणि धुरात उभी त्याची स्वतःची टोळी. पहिला दगड बॉनेटवर पडला. दुसरा समोरच्या काचेवर. काचेला जाळं पडलं, मॅडमनी ब्रेक मारला. तिसरा दगड खिडकीतून आत आला, मॅडमच्या गालाला चाटून स्वप्नीलच्या पोटावर पडला. स्वप्नील आता ओरडत नव्हता, नुसता कण्हत होता, आणि ते जास्त वाईट होतं.

मालोजी दार उघडून बाहेर पडला. "थांबा! भाड्यांनो, मी हाय! थांबा!"

पोरांनी त्याला ओळखलं. काळं पडलेलं तोंड, जळका शर्ट, नागडं डोकं. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"काय सोंग काढलंय शेटनी! एक नंबर!"

"तोंडाला काजळी बी लावलीया रं!"

मालोजी रडायला लागला. लग्नात, मयतात, बाप गेला तेव्हा, कधीही न रडलेला माणूस रस्त्याच्या मधोमध हात जोडून रडायला लागला. "लडकू, तुज्या पाया पडतो. पोरगं मरतंय माजं. गाडीत हाय. जाऊ दे."

पोरांच्यात खसखस पिकली. लडकू मात्र हसला नाही. त्यानं मालोजीच्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, "शेट, तुमी बिनघोर ऱ्हा. आमी हालत नाय." त्याच्या डोळ्यांत मालकाविषयी निव्वळ अभिमान होता.

मालोजीनं त्याच्या तोंडात मारली. परत मारली. लडकूचा दात पडला, रक्त हनुवटीवर आलं. त्यानं हात वर केला नाही, मागं सरला नाही, मार खात उभा राहिला. मालोजीनं त्याला खाली पाडून लाथा घातल्या, तेव्हा टोळीतली चौघं मधे पडली आणि त्यांनी मालोजीलाच धरला. हात पिरगाळून त्याला ट्रेलरच्या चाकावर दाबला. रागानं नाही, प्रेमानंच, पण त्यानंच शिकवलेल्या पद्धतीनं, खांदा उखळीतून निघेस्तोवर. मागून कुणी उत्साहात आणखी एक दगड गाडीवर मारला आणि मागची काच खळ्ळकन फुटून स्वप्नीलच्या अंगावर सांडली.

"फडकं दाखवा, शेट," खाली पडलेला लडकू रक्त थुंकत म्हणाला. "तुमीच सांगितलंत. फडकं दाखवा, आत्ता खोलतो."

फडकं. मालोजीचा मोकळा हात आपोआप डोक्याकडे गेला, आणि तेव्हा त्याला आठवलं ते कुठं आहे.

"सोडा," तो म्हणाला. "दावतो."

पोरांनी त्याला सोडला. तो गाडीपाशी गेला आणि मागचं दार उघडलं. फडकं स्वप्नीलच्या हातांना गुंडाळलेलं होतं, दोन्ही हातांना मिळून एकच, आणि ते आता कातडीला धरलं होतं. मालोजीनं त्याचं एक टोक बोटांत धरलं. ओढलं असतं तर फडकं आलं असतं. त्यानं जरासं ओढलंही, आणि स्वप्नीलच्या घशातून असा आवाज निघाला की पुढच्या सीटवरच्या सुरभी मॅडमनी कानांवर हात ठेवले. मालोजीनं टोक सोडून दिलं.

"लडकू," त्यानं हाक मारली. आवाज आता मोठा नव्हता. "इकडं ये. हे बग फडकं. मला सोडवत नाय. तूच ये नि बग."

लडकू उठला, दारापाशी आला, आत वाकला. स्वप्नीलला त्यानं लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. तो वाकलेला तसाच राहिला. मग सरळ झाला आणि वळला. मार खातानाही मुठीत राहिलेला दगड त्यानं नुसता खाली सोडला. ते बघून एकेकानं आपापले दगड सोडले.

मग धावपळ झाली, पण ट्रेलर हलणार कसा? चाकांची हवा त्यांनीच सोडली होती. दोन्ही बाजूंना खाचरं, बांध उंच, गाडी उतरवायची सोय नाही. पोरांनी ट्रेलरला खांदे लावले, आरडाओरडा केला, तो तसूभर हलला नाही. वेळ गेला. किती गेला ते कुणी मोजलं नाही, पण पनवेलच्या डॉक्टरनं नंतर स्पष्ट सांगितलं, थोडं आधी आला असतात तर एक डोळा वाचवता आला असता. स्वप्नील जगला. डोळे दोन्ही गेले, आणि हातांना पुन्हा मूठ अशी कधी वळली नाही.

ट्रेलरच्या पलीकडे पेंढा भरलेला एक टेंपो अडकून पडला होता. त्याला वळवायला सांगितलं. खाचरात बसून राहिलेला सकाळचा ड्रायव्हर, फुटलेल्या ओठाचा, उठून पुढे झाला आणि आपल्या ट्रेलरच्या केबिनमधून गोधडी काढून त्यानं ती निमूट रस्त्यावर अंथरली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्वप्नीलला गाडीतून काढून गोधडीवर ठेवलं. उचलून, ट्रेलरच्या खालून वाकत, पलीकडच्या टेंपोपर्यंत न्यायचं होतं. टोळीला ओझी उचलायची सवय होती, बाकी काही नाही तरी तेवढं त्यांना येत होतं. सगळे गोधडीच्या कडेनं बसले, कडा मुठीत धरल्या आणि थांबले. कुणी ठरवून नव्हे, नुसते सवयीनं थांबले. मोठ्या मालाला पहिला हात मालोजीचा लागायचा.

मालोजी पुढे आला. एक खांदा लोंबत होता. त्यानं दुसरा हात पुढे केला, पोराच्या कपाळावर ठेवायला.

जवळ आलेल्या माणसाचा वास स्वप्नीलला कळला असावा, किंवा श्वास. त्यानं सुजलेलं तोंड बाजूला फिरवलं.

"आबा," तो म्हणाला, "तुमी हात नका लावू."

मालोजीचा हात तिथंच थांबला. लडकूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं टोळीला आवाज दिला, "उचला रं." त्यांनी मांड्यांवर जोर घेऊन, धक्का लागू न देता, स्वप्नीलला उचललं आणि ट्रेलरखालून वाकत पलीकडे नेलं. सुरभी मॅडम गालाला रुमाल लावून त्यांच्यामागं गेल्या. टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर जात राहिला.

मालोजी अलीकडेच उभा होता. खिशातला फोन वाजत होता. दुपारचं जेवण तयार झालं की सुंदरा फोन करायची. फोन वाजून वाजून बंद झाला, आणि थोड्या वेळानं परत वाजायला लागला.